पटावरचे शब्द: बैठ्या खेळांवरची शब्दकोडी आणि प्रश्नमंजूषा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात गणेशोत्सव मंडळे, वाचनालये, महिला मंडळे आणि शाळांची स्नेहसंमेलने यांत शब्दकोडी व प्रश्नमंजूषा घेतल्या जातात. त्या तयार करणाऱ्यांना अडणारे प्रश्न येथे आहेत. विषय एकच ठेवला आहे: सारीपाट, बुद्धिबळ, सापशिडी, कॅरम, लुडो असे जुने बैठे खेळ.

‘बुद्धिबळ’ हा शब्द कोड्यात किती घरांचा धरायचा?

चार घरांचा: बु-द्धि-ब-ळ. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर हे सगळे त्याच घरात. म्हणून सोंगटी तीन घरांची (सों-ग-टी), प्यादे दोन, हत्ती दोन, उंट दोन, जुन्या सापशिडीचा मोक्षपट चार (मो-क्ष-प-ट), खड्यांनी खेळायची नवकंकरी पाच आणि स्ट्रायकर चार घरांचा (स्ट्रा-य-क-र). शंका आली तर शब्द सावकाश, तोडून म्हणून पाहा. जिथे तोंड थांबते तिथे घर संपते. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेले अक्षर येत असेल तर तो शब्द सरळ वगळावा, कारण ते मागच्या घरात घालायचे की स्वतंत्र, यावर परीक्षकांतही एकमत होत नाही.

आडवा आणि उभा शब्द जुळत का नाहीत?

नवख्याच्या कोड्यात दहापैकी आठ वेळा कारण हेच: ‘क’ आणि ‘का’ एकच अक्षर समजले जाते. कवडी आणि काटशह एका कोपऱ्यातून निघू शकत नाहीत. पट आणि प्यादे यांचेही तेच. उलट सारीपाट आणि सापशिडी यांचा ‘सा’ एकच, त्यामुळे डावा वरचा कोपरा त्यांना द्यावा. सोंगटीला खाली ‘सोंड’ जोडता येते, चतुरंगाला ‘चल्लस’ (चल्लस-आठ या कवड्यांवरच्या खेळातला).

दुसरी अडचण ह्रस्व-दीर्घाची. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी नियमाने दीर्घ लिहितात, मधली मात्र बरेचदा ह्रस्व असते. सोंगटीच्या ‘टी’तून ‘टीका’ खाली उतरेल, ‘टिकली’ उतरणार नाही. ‘एवढे काय, चालवून घ्या’ असे म्हणणारे नेहमी भेटतात. चालवून घेऊ नका. एका घरात सूट दिली की सोडवणारा पुढच्या प्रत्येक घरात दोन-दोन शक्यता धरून बसतो.

तिसरी गोष्ट ळ आणि ण यांची. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही, आणि ण ने सुरू होणारा नेहमीच्या वापरातला शब्दही सापडत नाही. म्हणजे ‘बुद्धिबळ’ सर्वांत वरच्या ओळीत आडवे घातले तर शेवटच्या ळ मधून खाली काहीच उतरवता येत नाही. तो शब्द खालच्या ओळीत टाका. मग ळ हे उभ्या शब्दाचे शेवटचे अक्षर होते आणि डाळ, केळ, फळ, कमळ असे ढीगभर शब्द हाताशी येतात.

अनेकवचने टाळावीत. सोंगट्या, कवड्या यांतले ‘ट्या’, ‘ड्या’ जुळवता जुळवता घाम फुटतो.

चौकट केवढी घ्यावी?

पहिल्या प्रयत्नाला ७ × ७, सरावानंतर ९ × ९. इंग्रजी कोड्यांची १५ × १५ चौकट पाहून मोह होतो, पण अक्षरांत मोजले तर मराठी शब्द आखूड असतात, बहुतेक दोन ते चार घरांचे. मोठ्या चौकटीत काळी घरे इतकी भरावी लागतात की कोडे चाळणीसारखे दिसते. ९ × ९ च्या ८१ घरांत २० ते २४ काळी घरे पुरेशी होतात. काळ्या घरांची मांडणी सममित आहे का हे पाहायला कागद उलटा फिरवा, नक्षी तशीच दिसली पाहिजे. छापताना घराची बाजू किमान १० मिलिमीटर ठेवा. ‘स्ट्रा’ आणि ‘द्धि’ पेनने लिहायचे असतात, आणि कोपऱ्यात क्रमांकही हवा.

क्रम असा ठेवा: आधी विषयाचे सात-आठ लांब शब्द बसवा, मग काळी घरे, आणि उरलेल्या फटींत रोजचे शब्द. काळी घरे आधी आखून शब्द शोधायला गेलात तर सारीपाटाच्या कोड्यात शेवटी निम्मे शब्द भाजीपाल्याचे निघतात. फटी भरायला इकडचे दोन अक्षरी शब्द चांगले: कुंदा, घाट, पेठ, नदी.

संगणकावर केलेले कोडे मात्रा वेगळ्या घरात का टाकते?

कारण बरीच तयार साधने इंग्रजीसाठी लिहिलेली असतात आणि ती अक्षर न मोजता युनिकोडचे घटक मोजतात. ‘सोंगटी’त त्यांना स, ओकार, अनुस्वार, ग, ट, दीर्घ वेलांटी असे सहा घटक दिसतात. ‘बुद्धिबळ’ त्यांच्या लेखी आठ घरांचे होते. सोपा उपाय म्हणजे एक्सेल किंवा तशा तक्त्यात प्रत्येक चौकटीत पूर्ण अक्षर स्वतः टंकणे. दहा मिनिटे जास्त लागतात, पण छापखान्यातून कोडे फुटून येत नाही. छापायला पीडीएफच द्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलला की जोडाक्षरे सुटी होतात. ‘दोऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला अर्धा र मुद्दाम तपासा, तो हमखास ‘र्य’ होतो.

सूचना कशा लिहाव्यात? नुसता अर्थ दिला की कोडे फार सोपे होते.

खेळांच्या शब्दांना मराठीत दुहेरी अर्थ भरपूर आहेत, ते वापरा. ‘दान’ पटावर पडते आणि देवळातही देतात. ‘घर’ सोंगटीलाही लागते. ‘पोबारा’ हे मूळचे सोंगट्यांच्या खेळातले एक दान, आता त्याचा अर्थ पळ काढणे असा उरला आहे. शिवाय काही शब्द अक्षरशः उलटे वाचता येतात, आणि अशी सूचना लोकांना सर्वांत जास्त आवडते. नमुने:

१. टाकला तर दान, उलटा करून डोक्यावर बांधला तर मान. (२ घरे)
२. शहाच्या मागोमाग येते. उलटी वाचली तर बेफिकीर माणूस ती बाळगत नाही. (२)
३. पटावर रंगतो, उलटा केला की कढईत तळतो. (२)
४. पूर्ण असेल तर फुटकीलाही नावे ठेवतात, डोके उडवले तर ताटात वाढतात. (३)
५. सरळ चालते, तिरके मारते, मागे फिरत नाही. (२)
६. टाकले तर पटावर पडते, दिले तर पुण्य लागते. (२)

उत्तरे: फासा (साफा), मात (तमा), डाव (वडा), कवडी (वडी), प्यादे, दान.

एका कोड्यात अशा सूचना तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नकोत. सगळ्याच चमत्कृतीच्या केल्या तर सोडवणाऱ्याला पहिले पाऊल टाकायला जागा राहत नाही. उलटे वाचण्याची सूचना असेल तर ‘उलटा’, ‘फिरवला’ असा एक शब्द सूचनेत असायलाच हवा, नाहीतर ती फसवणूक होते.

घोड्याच्या चालीचे कोडे म्हणजे काय?

अक्षरे घरांत विखुरलेली असतात आणि बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने वाचत गेले की शब्द लागतात. ही आपल्याकडची फार जुनी करामत आहे. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकार’ ग्रंथात असा श्लोक दिला आहे. चार ओळी, प्रत्येकी आठ अक्षरे, म्हणजे अर्ध्या पटाची ३२ घरे. तो सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीने वाचा, श्लोक तोच राहतो.

तेवढी मजल न मारता ३ × ३ चे कोडे कुणालाही करता येते. मधले घर काळे ठेवा:

सा – ट – शि
प – ■ – री
पा – डी – सा

डाव्या वरच्या ‘सा’पासून निघा. तिथून ‘री’, मग ‘पा’, ‘ट’, पुढे खालचा उजवा ‘सा’, ‘प’, ‘शि’, ‘डी’. सारीपाट आणि सापशिडी. बाहेरची आठही घरे घोडा एका फेरीत फिरतो आणि पुढच्या उडीत सुरुवातीच्या घरी येतो. म्हणून एकूण आठ अक्षरे होणारे कोणतेही दोन शब्द हाच मार्ग धरून बसवता येतात. सुरुवातीचे घर आणि पहिली उडी सांगा, नाहीतर मुले फेरी उलट्या दिशेने मारतात.

कन्नड शब्द कोड्यात घ्यावेत का?

इथल्या कोड्यात ते नसतील तर ते इथले वाटणार नाही. पटावरच्या चौकोनाला मराठीत ‘घर’ म्हणतात आणि कन्नडमध्येही ‘मने’, म्हणजे घरच. सोंगटीला ‘काई’, पचिशीच्या खेळाला ‘पगडे’, बुद्धिबळाला ‘चदुरंग’, सापशिडीला ‘हावू-एणी’. दोन भाषांच्या जोड्या लावा, हा प्रकार शाळांत छान चालतो.

पण देवनागरीत लिहिताना जपून. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ह्रस्व रूपे वेगळी आहेत, आपल्या लिपीत ती दिसत नाहीत. ‘हुलि’ म्हणजे वाघ, कन्नडमध्ये शेवट ह्रस्व, पण मराठी वळणाने लोक ‘हुली’ लिहितात. कोणते चालेल ते वरच छापा. आणि एक खास सापळा: ‘मने’ म्हणजे घर, तर ‘मणे’ म्हणजे पाट किंवा फळी. खळ्यांत बिया टाकत खेळायची ती अळगुळी ‘मणे’, तिथे ण हवा. मराठी छपाईत तिचे सर्रास ‘मने’ होते आणि फळीचे घर होऊन बसते.

प्रश्नमंजुषेत भांडणे कुठे होतात?

नियम सांगितल्याशिवाय आकडा विचारला की. या खेळांचे नियम गल्लीगणिक बदलतात. ‘पचिशीत किती कवड्या?’ या प्रश्नाला सहा आणि सात अशी दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. सहा कवड्यांच्या रूढ मोजणीत एकही कवडी तोंड वर करून पडली नाही तर पंचवीस, एकच पडली तर दहा. सात कवड्यांची मोजणी वेगळी. त्यापेक्षा पट विचारा: चार भुजा, प्रत्येकीत तीन रांगा आणि आठ घरे, म्हणजे मधला चौक सोडून ९६ घरे. यावर वाद होत नाही.

वाघ-शेळीच्या खेळाचेही तसेच. दक्षिणेत रूढ पट २३ ठिपक्यांचा, ३ वाघ आणि १५ शेळ्या. नेपाळच्या बाघचालीत २५ ठिपके, ४ वाघ, २० शेळ्या, आणि ५ शेळ्या मारल्या की वाघ जिंकतात. प्रश्नात खेळाचे पूर्ण नाव आणि प्रांत आला पाहिजे. अळगुळीची १४ खळी विचारा, एका खळ्यातल्या बिया विचारू नका. नवकंकरीची २४ ठिकाणे आणि प्रत्येकी ९ खडे मात्र बिनधास्त विचारावे.

लुडोत एका सोंगटीचा प्रवास किती घरांचा, हा आवडता प्रश्न. बाहेरची वाट ५२ घरांची, पण आपली सोंगटी त्यातली ५१ च वापरते, मग आतली रंगीत ५ आणि शेवटी घर. सुरुवातीच्या घरावर उभी असलेली सोंगटी पोचायला ५६ पावले लागतात. ‘घरे’ विचारता की ‘पावले’, हे स्पष्ट करा. ५६ आणि ५७ या दोन उत्तरांवरून मंडळांत संध्याकाळ जाते.

सापशिडी संत ज्ञानेश्वरांनी तयार केली, हे उत्तर बरोबर धरायचे का?

प्रश्न ‘परंपरेनुसार’ या शब्दाने सुरू करा, मग धरा. मोक्षपट ज्ञानेश्वरांचा, ही महाराष्ट्रातली परंपरा आहे. त्यांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकातला पट मात्र उपलब्ध नाही. आज संग्रहात दिसणारे ज्ञानचौपडीचे व मोक्षपटाचे पट बरेच नंतरचे आहेत. ‘शोध कोणी लावला’ अशा सरळ प्रश्नाला हे उत्तर लावू नये. पक्की माहिती अशी: या पटांत शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, आणि १०० घरांची आजची सापशिडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झाली.

कर्नाटकाशी जोडलेले, पण खात्रीचे प्रश्न कोणते?

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ ‘मानसोल्लास’. त्यात राजाच्या करमणुकीचे खेळ सविस्तर आले आहेत. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. दुसरा प्रश्न म्हैसूरचे मुम्मडी (तिसरे) कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांचा: ‘श्रीतत्त्वनिधी’ हा चित्रग्रंथ त्यांच्या दरबारातला, आणि त्यातल्या ‘कौतुकनिधी’ भागात पटावरचे खेळ आहेत. हंपीच्या देवळांच्या फरशीवर कोरलेले पट चित्रफेरीत दाखवायला उत्तम. आंबोली घाट उतरून गेलात तर सावंतवाडीचा गंजिफा: दशावतारी संचात १० रंग, प्रत्येकी १२, एकूण १२० गोल पाने. तो पटावरचा खेळ नव्हे, पण प्रश्न फार छान आहे, सोडू नका.

लुडो, व्यापार, स्क्रॅबल यांचे सन?

लुडोचे इंग्लंडमधले पेटंट १८९६ चे, मूळ आपली पचिशी. ‘व्यापार’ ज्याच्यावरून आला तो मोनोपॉली कोणी तयार केला, याचे उत्तर चार्ल्स डॅरो असे ठोकून देतात. पार्कर ब्रदर्सने तो १९३५ मध्ये बाजारात आणला खरा, पण लिझी मॅगी या बाईंनी त्याच्या पूर्वजाचे, ‘लँडलॉर्ड्स गेम’चे, पेटंट १९०४ मध्येच घेतले होते. स्क्रॅबल आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराचे, नाव १९४८ मध्ये मिळाले: १५ × १५ घरे, १०० तुकडे, हातात ७. आणि पहिले छापील शब्दकोडे आर्थर विन यांचे, २१ डिसेंबर १९१३, न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात.

बुद्धिबळ आणि कॅरमवर काय विचारावे?

बुद्धिबळात ‘हत्ती कसा चालतो’ असे विचारताना ‘आजच्या मराठी बुद्धिबळात’ हे शब्द घाला. मध्ययुगीन फारसी-अरबी खेळात हत्ती तिरकी दोन घरे जाई आणि आजच्या उंटाच्या जागी उभा असे. वजीरही तेव्हा दुबळा होता, तिरके एकच घर चालायचा. त्याला आजची ताकद पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात मिळाली. विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर, १९८८. डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि त्यातूनच ग्रँडमास्टर किताब मिळवला.

कॅरममध्ये ९ काळ्या, ९ पांढऱ्या, एक राणी, आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. स्पर्धेच्या नियमांत डाव २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा. एक चांगला गणिती प्रश्न: कमीत कमी किती बोर्डांत डाव जिंकता येतो? एका बोर्डात जास्तीत जास्त ९ आणि राणीचे ३, म्हणजे १२. दोन बोर्डांत २४, एक गुण कमीच. उत्तर तीन. घरी काळीचे, पांढरीचे वेगवेगळे गुण धरून खेळतात, तो हिशोब इथे आणू नये.

स्क्रॅबलसारखा मराठी खेळ घरी करता येईल का?

येतो, फक्त कोड्यातले मोजमाप सोडावे लागते. पूर्ण अक्षरांचे तुकडे करायला गेलात तर क ची बाराखडीच बारा तुकडे खाईल. म्हणून तुकड्यावर मूळ व्यंजन, आणि मात्रा मोफत. जोडाक्षराला दोन तुकडे शेजारी-शेजारी: हत्ती म्हणजे ह-त-त, कर्ज म्हणजे क-र-ज. स्वरांसाठी एकच ‘अ’, तो आ, इ, उ, ए काहीही होतो.

१०० तुकड्यांची एक चालणारी वाटणी: र, क प्रत्येकी ६, त, न, ल, व, स, म, प प्रत्येकी ५, ग, ट, द, अ प्रत्येकी ४, ड, ज, ब, ह, ळ, ण, च, य प्रत्येकी ३, श, ख प्रत्येकी २, ध, भ, थ, घ, झ, ठ, फ एकेक, कोरे २. पाच-सहा असलेल्यांना १ गुण, चारांना २, तिनांना ३, दोनांना ५, एकट्यांना ८, कोऱ्याला शून्य. छ, ढ, ष कोऱ्यातून काढा.

बिघडते कुठे? मात्रा मोफत म्हणजे क-र मधून कर, कार, केर, कोरा, करी काहीही लागते आणि गुणांचा पाऊस पडतो. यावर एकच बंधन पुरते: आडव्या आणि उभ्या शब्दात त्या तुकड्याची मात्रा एकच असली पाहिजे. खेळाडूने शब्द लावताना तो मोठ्याने म्हणायचा, आणि शेजाऱ्याने कागदावर मात्रेसह लिहून ठेवायचा. तो कागद नसेल तर तीन फेऱ्यांनंतर ‘मी केर म्हटले होते’ सुरू होते. कोणता शब्दकोश मानायचा तेही आधी ठरवा. बोलीतले शब्द घ्यायचे असतील तर दोन संघांतल्या किमान एकेकाला तो शब्द माहीत हवा.

कवड्या मिळत नाहीत. चल्लस-आठ कशावर खेळावा?

चार चिंचोके घ्या, पाण्यात न भिजवता खडबडीत फरशीवर एका बाजूने घासा, पांढरा भाग दिसेपर्यंत. पांढरी बाजू वर आलेली मोजायची: एक, दोन, तीन, चार, चारही काळे पडले तर आठ. दोन्ही बाजू सारख्या पडत असतील तर १६ फेकींत सरासरी सहा वेळा दोन, चार-चार वेळा एक आणि तीन, आणि चार व आठ एकेकदाच. म्हणून चार-आठला पुन्हा दान देतात. प्रत्यक्षात चिंचोका कमी घासला तर काळी बाजू जास्त पडते आणि आठाचा सुकाळ होतो. स्पर्धेआधी एकेक चिंचोका ५० वेळा टाकून पाहा. पांढरे २० ते ३० च्या दरम्यान आले तर ठेवा, नाहीतर दुसरा घासा.

अंतिम फेरीत बरोबरी झाली तर?

आणखी एक प्रश्न विचारून घंटेवर सोडू नका, हात वर करण्यावरूनच वाद होतो. अंदाजाचा आकडा विचारा, दोघांनी कागदावर लिहायचा, जवळचा जिंकला. बुद्धिबळाच्या पटावर लहान-मोठे मिळून एकूण चौरस किती? ३० सेकंद द्या. उत्तर २०४: एक घराचे ६४, २ × २ चे ४९, असे करत शेवटी पूर्ण पटाचा एक. दोघांचे आकडे उत्तरापासून सारख्याच अंतरावर असतील तर चल्लस-आठचे एकेक दान टाकायला द्या.